डोके दुखते तेव्हा

(संस्थेच्या कार्यक्रमात जऊळका येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कला शाखेचे झाले आहे. तेव्हा बँकेतल्या बाबूने डोकेदुखीवर बोलण्याचे कारण काय, असे आपल्यापैकी कुणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. कारण एवढेच की डोकेदुखी मी रोज पाहतो, काउंटरच्या आतही आणि बाहेरही. पीककर्जाच्या, अनुदानाच्या दिवसांत खेड्यावरचा माणूस सकाळी घोटभर चहावर घरून निघतो. अकरा वाजता रांगेत उभा राहतो. पाणी प्यायला गेला तर नंबर जाईल या भीतीने जागचा हलत नाही. दोन वाजता माझ्यासमोर येतो तेव्हा त्याने कपाळ धरलेले असते. "साहेब, डोकसं लय दुखून राह्यलं, लवकर करा." काम होते, तो बाहेर पडतो आणि समोरच्या किराणा दुकानातून एक गोळी घेऊन रिकाम्या पोटी गिळतो. खरे तर त्याला हवे असते दोन गिलास पाणी आणि अर्धी भाकर.

आजचे माझे सांगणे मुख्यतः याच गोष्टीबद्दल आहे. गोळी वाईट नाही. पण ती आपण सगळ्यात आधी घेतो आणि बाकीचे सगळे नंतर करतो, किंवा करतच नाही. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

आधी हे दुखणे म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतात त्या मेंदूभोवतीची आवरणे, रक्तवाहिन्या, मानेचे आणि कपाळाचे स्नायू. आपल्यापैकी बहुतेकांचे डोके दुखते ते ताणाने. कुणीतरी कपाळाभोवती दोरी आवळली आहे असे वाटते, दोन्ही बाजूंनी, मान जड होते, पण माणूस काम करू शकतो. दुसरा प्रकार अर्धशिशीचा. त्यात बहुधा अर्धे डोके ठणकते, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही आणि हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळते, आणि पाळीच्या आसपास तिचा जोर वाढतो. ज्या घरात सून अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडके बांधून पडली की "कामाच्या वेळेवरच हिचं डोकं कसं दुखतं" असे म्हणतात, त्या घराने हे नीट ऐकावे. अर्धशिशी हा खरा आजार आहे. अंधार, शांतता आणि झोप हे त्यावरचे औषधच आहे, आळस नव्हे. निंदणाला जाणारी बाई तेही घेऊ शकत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. तिच्यासाठी घरच्यांनी एक दिवस चूल सांभाळली तरी तो उपचार होईल.

आता साधे उपाय. पहिला उपाय पाण्याचा. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या जवळ जातो. उन्हातून आल्यावर डोके ठणकू लागले की सावलीत बसावे, मानेवर ओले फडके ठेवावे, आणि थोडे थोडे पाणी प्यावे. खूप घाम गेला असेल तर नुसते पाणी पुरत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, असे प्रमाण घ्यावे. मीठ अंदाजाने मूठभर टाकू नये. कैरीचे पन्हे, ताक हेही चांगलेच. पण अंग तापून फणफणले, माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात आहे. मग अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखान्याकडे निघावे. खिशात कांदा ठेवण्याबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे, की डोक्यावर दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली असेल तर कांदाही असू द्या.

दुसरा उपाय जेवणाचा. उपाशी राहिल्याने डोके दुखते, आणि ज्याला अर्धशिशी आहे त्याचा झटका तर उपासाने हमखास ओढवतो. शाळेत जाणारी मुले सकाळी न खाता जातात आणि तिसऱ्या तासाला डोके दुखते म्हणून बाकावर मान टाकतात. रात्रीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी एवढे जरी पोटात गेले तरी पुष्कळ.

तिसरी गोष्ट चहाची, आणि इथे माझ्या सहकाऱ्यांना वाईट वाटेल. बँकेत दिवसाला पाच-सहा कप चहा होतो. रविवारी घरी तेवढा मिळत नाही आणि दुपारनंतर डोके धरते. लोकांना वाटते की आठवडाभराच्या कामाचा शीण निघाला. प्रत्यक्षात सवयीचा चहा चुकला की साधारण बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, कारण शरीर त्यातल्या कॅफिनला सरावलेले असते. एकदम सोडू नये, आठवड्याला एक कप असा कमी करावा. हे ऐकून कुणी चहा सोडेल असा माझा भ्रम नाही.

झोपेबद्दल फार बोलत नाही. कमी झोपेने डोके दुखते हे सगळ्यांना ठाऊक आहे. वेळी-अवेळी जादा झोपल्यानेही दुखते, हे मात्र कमी लोकांना माहीत असते. मान खाली घालून तासन्‌तास मोबाइल पाहणे, वाकून सोयाबीन सोंगणे, एकाच बाजूला मान ठेवून खाते लिहिणे, या सगळ्याचा ताण मानेतून कपाळावर येतो. दर तासाला उठावे, खांदे मागे फिरवावेत, मान हळूच दोन्ही बाजूंना कलवावी. गरम पाण्यात पिळलेले फडके मानेवर दहा मिनिटे ठेवले तर ताणाच्या दुखण्याला आराम पडतो. अर्धशिशीत उलट गार फडके कपाळावर बरे वाटते. ज्याला जे मानवेल ते त्याने करावे.

आता लेप आणि बाम. सुंठ सहाणेवर उगाळून कपाळाला लावण्याची रीत आपल्या आजीपासून चालत आली आहे. मुंबईत १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन काढले, आणि तेव्हापासून पिवळी बाटली घराघरांत आहे. बाममधल्या पुदिन्याच्या अर्काने त्वचेला गारवा वाटतो आणि त्या गारव्यात वेदनेची जाणीव थोडी झाकली जाते. चोळताना स्नायूही सैल होतात. अपाय काही नाही, मात्र डोळ्यांपासून दूर ठेवावा आणि तान्ह्या मुलाच्या नाकाला, छातीला कधीही लावू नये. कानशिलावर चुना किंवा बिब्बा लावण्याचा प्रकार मात्र बंद झाला पाहिजे. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतो, आणि त्या नव्या दुखण्यापुढे जुने दुखणे विसरायला होते, एवढाच त्याचा गुण.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, डोकेदुखी आणि तिच्यावरचे उपाय आपल्या प्राचीन ग्रंथांतही आले आहेत. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचे एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यात पिलिंदवच्छ नावाच्या थेरांचे डोके दुखू लागल्याची हकीकत येते. भगवंतांनी प्रथम डोक्याला तेल लावण्याची अनुमती दिली. त्याने भागले नाही तेव्हा नाकात औषध घालण्याची, नंतर औषधी धूर घेण्याची. क्रम पाहा. आधी सर्वांत साधा आणि निरुपद्रवी उपाय, तो पुरला नाही तरच पुढचा. आणि दुखणे सोसत बसा, असे कुठेही म्हटलेले नाही.

त्याच ग्रंथात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेहून शिकून परत येताना साकेत नगरीत त्याला पहिला रुग्ण मिळाला. एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने हैराण होती. मोठमोठे वैद्य थकले होते. हा तरुण पोरगा काय करणार, म्हणून तिने त्याला आत घेण्यासच नकार दिला. जीवकाने निरोप पाठवला की आधी काही देऊ नका, बरे वाटले तर मनाला येईल ते द्या. मग त्याने तुपात औषधे शिजवून ते तिच्या नाकात घातले. तूप तोंडावाटे बाहेर आले तेव्हा बाईंनी ते भांड्यात थुंकले आणि दासीला सांगितले, हे कापसाने टिपून ठेव. जीवक मनात म्हणाला, एवढी चिक्कू बाई मला काय देणार! बाईंनी ते ओळखले आणि म्हणाल्या, आम्ही संसारी माणसे, हे तूप नोकरांच्या पायाला चोळायला किंवा दिव्याला चालेल, तुमचे मानधन बुडणार नाही. त्या बऱ्या झाल्या आणि घरच्यांनी मिळून त्याला सोळा हजार कार्षापण दिले. मी बँकेत काम करीत असल्यामुळे मला या बाईंचा भारी आदर वाटतो.

मात्र ही कथा ऐकून कुणी घरी जाऊन नाकात तूप ओतू नये. नस्य हा उपचार आजही आयुर्वेदात आहे, पण तो जाणत्या वैद्याच्या हातून घ्यायचा. बाळाच्या नाकात तेल सोडण्याची आपल्याकडची पद्धत तर धोक्याची आहे, कारण ते तेल फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो.

दुसरे उदाहरण अलीकडच्या काळातले आणि महाराष्ट्राशी संबंध असलेले. इगतपुरीचे विपश्यना केंद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, काहींनी शिबिरही केले असेल. ते ज्यांच्यामुळे उभे राहिले त्या सत्यनारायण गोयंका यांचा या मार्गाशी संबंध डोकेदुखीमुळे आला. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे जन्मलेले हे व्यापारी. तरुणपणीच त्यांना भयंकर अर्धशिशी जडली. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. युरोप, अमेरिका आणि जपानमधले डॉक्टर झाले, गुण येईना, आणि मॉर्फिनचे व्यसन लागण्याची भीती उभी राहिली. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, म्हणजे आमच्याच हिशेबाच्या धंद्यातले. त्यांनी गोयंकांना आधी नाहीच म्हटले. निव्वळ डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका, धम्म त्यासाठी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे गोयंका शिबिराला बसले, त्यांची डोकेदुखीही गेली, १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

ऊ बा खिन यांचा तो नकार मला फार महत्त्वाचा वाटतो. आज ध्यानाची जाहिरात पोटदुखीपासून मधुमेहापर्यंत सर्वांवरचा उतारा म्हणून होते. तसे ते नाही. एकाची अर्धशिशी गेली म्हणून सर्वांची जाईल असे धरू नये. मात्र शांत बसून वीस मिनिटे श्वासाकडे लक्ष देणे, खांदे आणि जबडा सैल सोडणे, याने ताणाच्या डोकेदुखीला उतार पडतो आणि वारंवार दुखण्याचे प्रमाण कमी होते, हे डॉक्टरही मानतात. पैसे लागत नाहीत. दुखू लागल्यावर नव्हे तर रोज केले तर उपयोग जास्त.

आता गोळीकडे येतो. हे सगळे करूनही डोके दुखतच असेल तर गोळी जरूर घ्यावी. अर्धशिशीवाल्याने तर झटका सुरू होताच घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. साधी पॅरासिटामॉल ही त्यातल्या त्यात निर्धोक. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक, लागल्यास दोन घ्याव्यात, नंतर निदान चार ते सहा तास थांबावे. चोवीस तासांत आठ गोळ्या ही शेवटची हद्द आहे. दारू पिणाऱ्याला, कावीळ किंवा यकृताचा आजार असणाऱ्याला आणि अंगाने किरकोळ असणाऱ्याला ही हद्द बरीच अलीकडे येते. सर्दीच्या गोळीतही बहुधा हेच औषध असते, त्यामुळे दोन्ही घेतल्या तर मात्रा दुप्पट होते. अ‍ॅस्पिरिन सोळा वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तापात डेंग्यूची शंका असेल तर कुणीच घेऊ नये, रक्तस्राव होतो.

दुकानदार सुटी गोळी कापून देतो, त्यावर नावही वाचता येत नाही. पुष्कळदा त्या एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असतात. अशा ३२८ मिश्र औषधांवर केंद्र सरकारने २०१८ साली बंदी घातली होती. तेव्हा "डोक्याची गोळी द्या" असे न म्हणता औषधाचे नाव घेऊन मागावे आणि पाकीट पाहावे. एवढे वाचायला आपण शिकलो आहोत.

आणि आता जी गोष्ट लोकांना पटतच नाही ती. गोळ्यांनीच डोके दुखते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक, आणि मिश्र गोळी दहा दिवस किंवा अधिक, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली की मेंदूला तिची सवय होते. गोळीचा असर उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी, की पुन्हा तेच. सावकाराच्या कर्जासारखे आहे हे, व्याज फेडायला नवे कर्ज. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या गोळ्या बंद करणे. पहिले काही दिवस दुखणे वाढते, त्या दिवसांत घरच्यांनी धीर द्यावा. वाढलेल्या गोळ्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात, हे वेगळेच.

रक्तदाबाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. डोके दुखले की "बीपी वाढला" म्हणतात, आणि दुखत नाही म्हणून बीपीची गोळी बंद करतात. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच दुखवत नाही. तो मोजूनच कळतो. आरोग्य केंद्रात मोजायला पैसे पडत नाहीत. तिथेच भगिनींनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, अंगात रक्त कमी असले तरी डोके दुखते.

विद्यार्थ्यांसाठी थोडेसे. फळ्यावरचे नीट दिसत नसेल, वाचताना डोळे बारीक करावे लागत असतील, तर डोळे तपासा. चष्मा लागला म्हणून मुलीचे लग्न अडते अशी भीती घेऊन आईबाप टाळाटाळ करतात आणि पोरीचे शिक्षण अडते. चाळिशी उलटलेल्यांनाही हेच लागू आहे. मला स्वतःला जवळचा चष्मा लागला आहे आणि त्याने पासबुकातले आकडे फार सभ्यपणे दिसू लागले.

यापुढचे मी जरा गंभीरपणे सांगतो. फवारणीनंतर दुखणारे डोके हे साधे दुखणे नव्हे. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस या जातीची औषधे श्वासावाटेच नव्हे तर ओल्या कपड्यांतून, कातडीतूनही आत जातात. सुरुवात कशाने होते? डोके दुखणे, मळमळणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, घाम आणि लाळ सुटणे. मजूर समजतो की ऊन लागले, बाम चोळतो, गोळी घेतो आणि तेच कपडे घालून उरलेले चार पंप मारतो. हे प्राण घेणारे आहे. डोके दुखू लागताच पंप खाली ठेवावा, कपडे काढावेत, साबणाने सर्वांग धुवावे, आणि औषधाची बाटली किंवा तिची चिठ्ठी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. यावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. मालकाने "थोडेच राहिले आहे" म्हटले तरी मजुराने थांबावे, आणि सोबतच्यांनी त्याच्या बाजूने बोलावे. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणेही असेच. सकाळी घरातल्या सगळ्यांचेच डोके जड झाले असेल तर तो कोळशाच्या विषारी वायूचा परिणाम आहे. दार उघडून आधी सर्वांना बाहेर काढावे.

याशिवाय कोणत्या डोकेदुखीत घरी थांबू नये, तेही लक्षात ठेवा. आयुष्यात कधी दुखले नाही असे एकाएकी, वीज पडल्यासारखे दुखणे. तापासोबत मान ताठ होणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, उलट्या, गुंगी. एक हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, फिट येणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे. आणि गरोदर बाईचे डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, अंगावर सूज येणे, त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. अशा वेळी अंगारा, उतारा, दृष्ट काढणे यात एक तासही घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे. वाशीमचे जिल्हा रुग्णालय आहे, पुढे अकोल्याचे सर्वोपचार आहे.

ज्यांचे डोके वरचेवर दुखते त्यांना एक काम सांगतो. घरातल्या कॅलेंडरवर ज्या दिवशी दुखले त्या तारखेला पेन्सिलीने फुली करा. गोळी घेतली तर फुलीभोवती गोल करा. शेजारी एकच शब्द लिहा, ऊन, उपास, जागरण, पाळी, फवारणी, जे असेल ते. आमच्या भाषेत याला नोंद म्हणतात, तोंडी व्यवहार नाही. तीन महिन्यांनी गोल मोजा. महिन्यात दहा गोल भरले तर ती पाने काढून डॉक्टरांकडे न्या. "डोके दुखते" एवढे सांगितल्यावर डॉक्टर घाईत गोळी लिहून देतील, पण ती पाने समोर ठेवली तर त्यांना तुम्हाला बसवून विचारावे लागेल.